शुक्रवारची कुरकुर

मित्रांनो, मला कुरकुरायची सवय आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. ज्या सुताराने मला घडवले त्याला भारी घाई होती. लाकूड पुरते वाळायच्या आत त्याने माझे सांधे जुळवले, पॉलिश चढवले आणि मला दुकानाच्या दारात मांडले. पहिल्या वर्षी जो तो माझ्यावरून हात फिरवायचा. पुढे लाकूड सुकले, सांधे सैल झाले आणि बसणारा जरा हलला की माझा आवाज निघू लागला.

उमेदीची वर्षे दातांच्या डॉक्टरांकडे गेली. तिथे माझ्यावर कोणी कधी टेकून बसले नाही. सगळे पुढच्या काठावर, पळायच्या तयारीत. माणूस तोंडाने काय म्हणतो आणि बसतो कसा, याचा ताळा जुळवायला मी तिथेच शिकले. "मला काही भीती नाही बरं का," असे सांगणारे धिप्पाड गृहस्थच माझ्यावर सर्वात जास्त चुळबुळ करत. शेवटी, हिच्या आवाजाने पेशंट आणखी घाबरतात, असे म्हणून डॉक्टरांनी मला ग्रंथालयाला देऊन टाकले. तिथे वरच्या खोलीत, बंद पंख्याखालच्या कोपऱ्यात माझी रवानगी झाली.

त्या खोलीत संध्याकाळी लिहिणाऱ्या लोकांचे गट भरतात. वार बदलला की गट बदलतो. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला मी येते.

अशाच एका सोमवारी चष्म्याच्या दुकानवाल्या बाई माझ्यावर बसल्या. दुकान बंद करून यायचे, म्हणून उशीर ठरलेला. त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट लिहायला घेतली होती. वडिलांची नजर जात चालली होती आणि त्यांनी ते घरात कोणाला कळू दिले नव्हते. गोष्टीचा शेवट काही केल्या सुचत नव्हता. खोली झाडणाऱ्या मावशींना बाई म्हणाल्या, "एवढा महिना बघते. नाही जमलं तर कागद माळ्यावर."

"माळ्यावर गेलेलं कोणी खाली काढतं का कधी?"

"म्हणूनच तर माळ्यावर."

सोमवारचा गट फार गोड. बाईंनी पहिले पान वाचले. त्यात ढगांना सोन्याची किनार होती आणि वडिलांचे डोळे विझत्या दिव्यांसारखे होते. "काय सुंदर, डोळ्यांत पाणी आलं," असे सगळे म्हणाले. डोळे कोरडे होते आणि हात पिशवीत आपापले कागद शोधत होते. तिथे जो तो दुसऱ्याला छान म्हणायचा, कारण पुढची पाळी त्याची असायची. बाई खुशीत घरी गेल्या, पण पुढच्या सोमवारी गोष्ट एका ओळीनेही वाढली नव्हती.

बुधवारचा गट हुशार. तिथे बाईंनी दुसरे पान वाचले. त्यात एवढेच होते: जेवताना पाण्याचा पेला ताटाच्या उजवीकडे, एकाच जागी हवा, असा वडिलांचा हट्ट, कोणी तो हलवला की ते चिडत.

"यात घडतंय काय?" निवृत्त मास्तरांनी विचारले. "पेल्याचं काय एवढं घेऊन बसलात? काढा ते पान."

"आणि काय हो," त्यांच्या शेजारचा म्हणाला, "चष्म्याचं दुकान घरचं, आणि वडिलांनाच दिसेना?"

खोली हसली. बाई हसल्या नाहीत. कागदांची गुंडाळी करून त्या निघाल्या तेव्हा दारात मावशी भेटल्या. "शुक्रवारचेही बघून घ्या," मावशी म्हणाल्या. "जरा तऱ्हेवाईक आहेत, पण ऐकतात."

मित्रांनो, शुक्रवारी माझा थाट वेगळा असतो. ही मंडळी मला कोपऱ्यातून ओढून खोलीच्या मधोमध मांडतात. त्यांची रीत अशी, की लिहिणाऱ्याने आपले लिखाण स्वतः वाचायचे नाही. वाचायचे दुसऱ्याने. लिहिणाऱ्याने पेन्सिल घेऊन गप्प बसायचे आणि माझ्यावर एकाने ऐकायला बसायचे. त्या दिवशी बेकरीवाले काका बसले.

"खुर्ची वाजली की तिथे रेघ मारा," वाचायला घेतलेल्या नर्सबाई म्हणाल्या. "काका सभ्य आहेत, तोंडाने बोलायचे नाहीत."

"मला लिखाणातलं फार कळत नाही," काका म्हणाले. "पण कंटाळा अगदी वेळेवर येतो."

ढग आले, काका सरकले. सोन्याची किनार आली, त्यांनी पाय बदलला. मी मोकळेपणाने वाजले. बाईंचे कान लाल झाले, पण पेन्सिल थांबली नाही. मग पेल्याचे पान आले. नर्सबाईंचा आवाज आपोआप हळू झाला. काका हललेच नाहीत. इतकी गप्प मी सुताराच्या दुकानात नवी असतानाच काय ती होते.

वाचन संपल्यावर काकांनी एवढेच विचारले, "मग तो पेला हलवला कोणी?"

"मीच," बाई म्हणाल्या. "पुसताना. आणि मग..." त्यांनी कागद उलटा केला आणि तिथेच लिहायला लागल्या. कोणी घड्याळाकडे पाहिले नाही. नर्सबाईंनी दिवा तेवढा जवळ सरकवला.

पुढच्या शुक्रवारी शेवटचे पान वाचले गेले. वडिलांचा हात उजवीकडे जातो, पेला तिथे नाही. मुलीच्या सारे लक्षात येते. ती पेला अलगद त्या हाताखाली सरकवते आणि दुकानात आज गर्दी होती, असे काहीतरी सांगत राहते.

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. रुमाल खिशात होता. पण खिशात हात घातला असता तर मी वाजले असते, आणि बाईंनी तिथे रेघ मारली असती. म्हणून त्यांनी ते तसेच वाहू दिले.

"मग, माळा?" खोली झाडायला आलेल्या मावशींनी विचारले.

"माळ्यावर रिकामे डबे ठेवलेत," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला जपा. धूळ पुसा, ओलीपासून दूर ठेवा, पण कोणी हौसेने माझे सांधे आवळायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि तुम्ही लिहीत असाल, तर नुसते छान म्हणणाऱ्यांत फार रमू नका, नुसते काढा म्हणणाऱ्यांना फार भिऊ नका. जिथे तुमच्या एका पानासाठी कोणी रुमालाकडे जाणारा हात आवरून धरेल, तिथे जाऊन बसा.