पिशवी रिकामी झाल्यावर

"मोजा," मास्तर म्हणाले. "पटावरची अक्षरं वजा, माझ्या हातातली सात वजा. उरली ती आमच्या हिची."

शब्दपटाचा, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द करायच्या खेळाचा, शनिवारचा वर्ग. जागा: दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याबाहेरची खोली. शिकणारे दोघे, स्वतः बाई आणि एक निवृत्त कंडक्टर.

धडा चौथा. पिशवीतल्या सोंगट्या संपल्या की समोरच्याचा हात उघडा पडतो. फक्त मोजता आलं पाहिजे. उदाहरणासाठी मास्तरांनी घरच्या वह्यांतली शेवटची वही आणली होती. बायकोबरोबरचा रोजचा डाव, दोघांची प्रत्येक चाल, अकरा वर्षं. शेवटच्या पानावर बेरीज: जिंकले चार हजार बारा, हरले चौदा. या आकड्यावरच वर्ग भरत होता.

कंडक्टरांनी बोटांवर हिशेब केला. "प, व, स, ळ. आणि तीन काने."

"आणि आमच्या हिने लावलं काय? 'पळा'!" मास्तर हसले. "नवखा माणूस असाच घाई करतो."

कंडक्टरही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पटाकडे बघत होत्या.

"पावसाळा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सातही सोंगट्या लागतात, मास्तर. 'पावसाळा'. जागाही होती, ही बघा. वर सातही लावल्याचे पन्नास गुण जादा. तुम्ही हरला असतात."

"दिसलं नसेल तिला."

"बघू वही."

बाईंनी पान उलटलं. मोजलं. आणखी एक उलटलं. कंडक्टर पुटपुटत मोजायला लागले. 

धडा चौथा, पुढे चालू.

सोमवारचा डाव: हातात जिंकणारा शब्द, लावली दोन अक्षरं. बुधवारचा: तेच. मागच्या महिन्यातला: तेच, आणि शेजारची तिप्पट गुणांची जागा मास्तरांसाठी मोकळी.

"एखाद्या वेळी दिसत नाही, मान्य," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण नेमकं तुम्हाला हवं तिथेच दार उघडं? दुखत नाही म्हणणारे पेशंट रोज बघते मी."

"अहो बाई, जाऊ द्या ना," कंडक्टर म्हणाले.

मास्तरांनी वही मिटली, आणि वर्ग संपला असं न सांगताच जिना उतरले. चपला पायात आहेत की नाहीत हे त्यांनी रस्त्यावर आल्यावर बघितलं.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"लवकर आलात?"

"पावसाळा," ते म्हणाले.

तिने घडी अर्धी सोडली. कुठला डाव, हे तिने विचारलं नाही. मास्तर तिच्यासमोर खुर्चीत बसले.

"कधीपासून?"

"वजनकाटा बंद पडला तेव्हापासून."

कारखान्याच्या फाटकाजवळचा वजनकाटा. ट्रक आत किती, बाहेर किती, हे मास्तरांनी सव्वीस वर्षं लिहिलं होतं; एका सकाळी ती कारकुनी गेली आणि ते घरी बसले.

"आठ दिवस दाढी केली नव्हती तुम्ही," ती म्हणाली. "मग तो पहिला डाव जिंकलात, उठलात आणि दाढी केलीत. म्हटलं, रोज केलेली बरी."

"अकरा वर्षं?"

"अहो, सवय लागते."

"आणि ते चौदा डाव?"

"तेवढेही हरला नसतात तर संशय आला असता तुम्हाला."

मास्तर हसायला गेले, पण तोंडातून भलताच आवाज आला. लोकांना शिकवत होते ते! 'समोरच्याच्या हाताकडे लक्ष द्या.' अकरा वर्षं समोर बसलेली बाई.

"रागावलात?"

मास्तरांनी पट काढला, टेबलावर ठेवला.

"खरं खेळ."

"नको हो. आज नको."

"आजच."

तिने कपड्यांचा ढीग कॉटवर सरकवला, पदर खोचला आणि खुर्ची ओढली. रोज ती अर्धी खुर्चीत, अर्धी स्वयंपाकघराकडे असायची. आज दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली, कोपरं टेबलावर रोवली. असं बसलेलं त्यांनी तिला कधी बघितलंच नव्हतं.

चौथ्या चालीला ती साठ गुणांनी पुढे होती. सहाव्या चालीला तिच्या सातही सोंगट्या पटावर उतरल्या, टकाटक, अक्षर न चाचपता. मास्तर बघत राहिले. हातातली सोंगटी कुठे ठेवायची ते त्यांना सुचेना.

"सरका जरा," ती पटावरची नजर न काढता म्हणाली. "तुमच्यामुळे उजेड अडतोय."

ते सरकले.