कामावरून सुटलेले दात

दाताला काहीतरी चिकटवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी चार वर्षं माझ्या टेबलाशी बसून बघावं. दाताचं वरचं पांढरं कवच गुणी असतं, काहीही धरून ठेवतं. खरा त्रास आतल्या पिवळसर थराचा. त्याला फार सुकवलं तर त्याची जाळी धुतलेल्या स्वेटरसारखी आक्रसते आणि डिंक आत शिरत नाही. ओलं ठेवलं तर डिंक पाण्यावरच तरंगतो. मी ओलसर दाताला धरणारा डिंक बनवला होता. तो किती दिवस धरतो, एवढाच प्रश्न उरला होता.

म्हणून दोनशे काड्या कापल्या. अर्धी काडी दात, अर्धी काडी फिलिंग, मध्ये माझा डिंक. त्या बाटल्यांत भरून सदतीस अंश पाण्यात वर्षभरासाठी ठेवल्या. वर्ष भरलं की एकेक काडी यंत्रात ओढून तोडायची, किती जोर लागला तो आकडा लिहायचा, आणि डिसेंबरात प्रबंध द्यायचा. नाही दिला तर माझी जागा जाणार होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती.

वर्ष भरायला नऊ दिवस होते आणि दातांचं श्राद्ध आलं.

आमच्याकडे, जपानातल्या दंतमहाविद्यालयात, ते दर शरदात होतं. हॉलमध्ये पांढरं कापड, शेवंती, उदबत्त्या, आणि वर्षभरात प्रयोगाच्या कामी आलेले सगळे दात बरण्यांमधून मांडलेले. मी बरण्या उचलत होतो तेव्हा यंत्र चालवणाऱ्या शिगेनो-सान दारात उभ्या राहिल्या.

"काइझुका-कुन, तुझ्या बाटल्या?"

"त्यांचं काम चालू आहे अजून."

"वा! बाकीच्यांना फुलं, आणि हे वर्षभर गरम पाण्यात उभे, तर त्यांना साधं आमंत्रणही नाही? आईने हेच शिकवलं वाटतं."

मला खरंच लाज वाटली. मी बाटल्या मफलरमध्ये गुंडाळून नेल्या, गार पडू नयेत म्हणून.

पुढच्या रांगेत माझे मार्गदर्शक उनेमोतो सेन्सेई आणि प्रबंधाचे तीन परीक्षक बसले होते. चौघांच्याही तोंडात माझा डिंक होता. नवा डिंक आधी आपल्या माणसांच्या तोंडात, ही विभागाची जुनी रीत. माझ्याही पुढच्या दाताचा सायकलवरून पडून तुटलेला कोपरा त्यानेच बसवलेला.

मंदिरातल्या वृद्ध भन्तेजींनी मंत्र म्हटले. मग बरण्यांकडे वळून, घरच्यांशी बोलावं तसं म्हणाले, "फार दमलात. तुमचं काम संपलं. आता जा."

बाटल्यांमधून टक् असा एकच आवाज आला. दोनशे काड्यांचा मिळून एकच.

मी वाकून नमस्कार केला आणि वर आलो तेव्हा माझ्या दाताचा कोपरा चटईवर होता. सेन्सेईंनी तोंडातून काहीतरी काढून रुमालात ठेवलं. तिघे परीक्षकही रुमाल शोधत होते. अशा जागी बोलायचं नसतं.

प्रयोगशाळेत सेन्सेईंनी तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. "तुटलेलं नाहीये," ते म्हणाले. "तुटलं की खुणा राहतात. हे दोघं कधी भेटलेलेच नाहीत."

शिगेनो-सान बाटल्यांकडे बघत होत्या. फिलिंगचे तुकडे तळाला कसेही पडले होते. दाताचे मात्र सगळे दाराच्या बाजूच्या काचेला येऊन टेकले होते. मी एक बाटली फिरवून ठेवली. चहा होईपर्यंत ते पुन्हा दाराकडे आले.

"निघालेत," शिगेनो-सान हळूच म्हणाल्या. "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी मी भन्तेजींकडे गेलो. पुढच्या दाताचा कोपरा गेल्यामुळे शिटी वाजत होती, तरी सगळं सांगितलं.

"मला 'जा' म्हणता येतं," ते म्हणाले. "'या' माझ्याकडे नाही. तुमच्याकडे साठीला निवृत्त झालेल्या माणसाची गरज पडली तर काय करता?"

"परत नेमतो. मार्चअखेरपर्यंतच्या करारावर."

"मग मला काय विचारतोस?"

सेन्सेई हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाटातून छापील करारपत्र काढलं. काम: धरून ठेवणे. ताकद: पाण्यात ठेवण्यापूर्वीच्या सरासरीइतकी, म्हणजे बेचाळीस मेगापास्कल. मुदत: एकतीस मार्च. कोण: समारंभाला हजर असलेले सर्व दात, मग ते बाटलीत असोत वा तोंडात. त्यांनी आपला शिक्का मारला. शेजारची, नेमलेल्यांच्या शिक्क्याची चौकट कोरी राहिली. शिगेनो-सान यांनी दोनशे काड्यांचे तुकडे चिमट्याने समोरासमोर लावले, नुसतेच, डिंक न लावता, आणि कागद बाटल्यांखाली सरकवला. परीक्षकांनाही बोलावून आम्ही पाचही जणांनी आपापले रुमाल उघडून आपापले तुकडे जागेवर ठेवले.

सकाळी सगळं घट्ट होतं. कोऱ्या चौकटीत चावल्याची खूण होती.

"वरची डावी दाढ," सेन्सेई म्हणाले. सवयीने.

वर्ष भरलं त्या दिवशी शिगेनो-सान यांनी पहिली काडी यंत्रात लावली. बेचाळीस. दुसरी, बेचाळीस. दोनशेवी, बेचाळीस. पूर्णांकापुढे शून्य, त्यापुढे शून्य.

"करारापेक्षा कणभर जास्त नाही," त्या म्हणाल्या. "तंतोतंत सरकारी नोकर."

"असे आकडे कोण मान्य करील?" मी म्हणालो. "दोनशे दात आणि एकाचंही मत वेगळं नाही! मी घरी बसून लिहिले असंच म्हणतील."

"मग थोडे इकडेतिकडे करायचेत?" सेन्सेईंनी विचारलं.

मी करारावरची खूण पाहिली. "नको. त्यांना कळेल."

प्रबंधात सगळं जसंच्या तसं लिहिलं. पद्धती या प्रकरणात तीन ओळी करारावर.

तोंडी परीक्षेला मी तो तक्ता भिंतीवर दाखवला. फरक: शून्य. मधल्या परीक्षकांनी तोंड उघडलं, मग मिटलं. त्यांचा गाल आतून किंचित फुगला आणि तो फुगवटा हळूहळू मागच्या दाढेपर्यंत गेला. मग डावीकडच्यांचा. मग उजवीकडच्यांचा. तिघांच्या जिभा आपापल्या जागी पोचून थांबल्या.

"प्रश्न नाहीत," मधले म्हणाले, ओठ फार न हलवता.

डॉक्टरेट मिळाली. आज एकतीस मार्च आहे. नूतनीकरणाचा कागद सेन्सेईंनी सकाळीच शिक्का मारून ठेवलाय, पण सही करणारे काड्यांमधले सगळे दात यंत्रात तुटून बरणीत पडलेत आणि बरणी दाराकडे सरकतेय. परीक्षकांचे तीन फोन येऊन गेले. शिगेनो-सान यांनी डबे मागवलेत, पण कोणी काही चावत नाहीये.

दुसरी चौकट अजून कोरी आहे. मी पुढच्या दातावर जीभ दाबून बसलोय.