एक कोपरा कार्पला

मित्रांनो, मी गळाची एक जुनी काठी आहे. बांबूची, सात हात लांब, आणि आता मधोमध मोडलेली. मला दोरा गुंडाळायचे रीळ नाही. माझ्या टोकाला तंगुसाचा दोरा थेट बांधायचा, त्या दोऱ्यावर साळिंदराच्या काट्याचा, पाण्यावर तरंगणारा फ्लोट अडकवायचा आणि खाली मुगाच्या दाण्याएवढा गळ. बोटभर, फार तर वीतभर मासे धरावेत, डोळे भरून पाहावेत आणि पुन्हा पाण्यात सोडावेत, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

मी वाढले मलेशियात, जोहोरच्या एका बांबूच्या बेटात. माझ्याबरोबर तोडलेले माझे जाडजूड भाऊ पूल ओलांडून सिंगापूरच्या वुडलँड्सला आले आणि फ्लॅटच्या खिडक्यांबाहेर कपडे वाळत घालण्याच्या कामाला लागले. मला मात्र को अंकलनी निवडले. चाळीस वर्षे बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस आठव्या मजल्यावर एकटा राहत असे. त्यांनी मला आठ महिने दाराआड सुकवले. मग गॅसच्या मंद आचेवर धरून माझे एकेक वाकलेले पेर सरळ केले, माझे तीन तुकडे करून ते एकमेकांत घट्ट बसतील असे घासले, सांध्यांवर लाल रेशमी दोरा गुंडाळला आणि वर लाखेचे सात हात दिले. माझे टोक त्यांनी इतके बारीक तासले, की त्यावर चतुर बसला तरी मी वाकत असे.

को अंकलच्या हातच्या काठ्या तळ्यावर नावाजलेल्या होत्या. पण मला त्यांनी स्वतःसाठी केले नव्हते. केले होते शेजारच्या मनोहर टिपणिसांसाठी.

मनोहर मूळचे चिपळूणचे. बँकेच्या नोकरीसाठी सिंगापूरला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म झाला त्या वर्षी त्यांची बायको उल्का गेली. मुलगी गार्गी लग्न होऊन बुओना व्हिस्टाला राहायला गेली होती. मनोहर एकटे पडले. रविवारी सकाळी ते कपडे करून लिफ्टपाशी येत, बटण दाबत, लिफ्ट येई, दार उघडे, मिटे, आणि ते तिथेच उभे असत. को अंकलनी हे तीन रविवार पाहिले. चौथ्या रविवारी मला त्यांच्या हातात देत ते म्हणाले, "मनो, चल माझ्याबरोबर. बोलायची गरज नाही. नुसतं बसायचं, लाह."

दोघे आपसात मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत. मी ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगते आहे; इथल्या बोलीतले ते लाडिक 'लाह' तेवढे तसेच ठेवले आहे.

उत्तरेकडे, जुन्या मत्स्यशेतीच्या जागेवर मिसेस लिम यांचे एक तळे होते. काठाला लव्हाळे, एका बाजूला कमळे, पाणी इतके नितळ की काठाजवळचे खडे मोजावेत. तिथे दर रविवारी सात-आठ जण माझ्यासारख्या काठ्या घेऊन बसत. सगळे साठीच्या आसपासचे. पैज एकच असे: सकाळभरात कोण जास्त प्रकारचे मासे धरतो. वजन कोणी करत नसे. छपराखाली एक पाटी होती, तिच्यावर खडूने फक्त प्रकारांचा आकडा लिहायचा.

पहिल्या दिवशी मनोहरांना काहीच लागले नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी फ्लोट जरासा थरथरला, आडवा झाला, आणि त्यांनी मला उचलले. टोकाला बोटाएवढी चिलापी तडफडत होती. मनोहरांनी ती ओल्या तळहातावर घेतली, तिच्या अंगावरचे उभे पट्टे पाहिले आणि तिला पाण्यात सोडले. मग ते रडले. उल्का गेल्यापासून पहिल्यांदा. को अंकलनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. आपल्या फ्लोटवरची नजर न हलवता त्यांनी इथे मिळते तशी प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी तेवढी त्यांच्याकडे सरकवली.

मित्रांनो, त्यानंतरची नऊ-दहा वर्षे माझ्या सुखाची. मनोहरांचा हात बसला. फ्लोट कसा बुडतो यावरून ते मासा ओळखू लागले. "हा चुळबुळतोय, म्हणजे चिलापी. हा गपकन गेला, म्हणजे शिंगटी." एका रविवारी त्यांनी माझ्या मदतीने अकरा प्रकारचे मासे धरले. तळ्यावर इतके कोणीच धरले नव्हते. को अंकलनी पाटीवर अकराचा आकडा लिहिला आणि मला हातात घेऊन सगळ्यांना दाखवले. "माणूस चांगला, पण काठी त्याहून चांगली," असे ते म्हणाले आणि सगळे हसले. घरी आल्यावर मनोहर मला मऊ फडक्याने पुसत, सांध्यांना मेण लावत, कापडी पिशवीत घालून उभी ठेवत. अशी निगा फार थोड्या काठ्यांच्या नशिबी येते.

मग एके रविवारी मनोहरांनी आपल्या जावयाला, विक्रांतला, तळ्यावर आणले. विक्रांत गुणी मुलगा. दिवसभर संगणकासमोर बसून त्याची मान आखडलेली असे. सासऱ्यांनी त्याला मला हाताळायला दिले. अर्ध्या तासात तो कंटाळला.

"बाबा, एवढ्याशा माशासाठी एवढं बसायचं?"

"माशासाठी नाही रे. बसण्यासाठी बसायचं."

विक्रांत हसला. पण गळ त्याच्या डोक्यात शिरला होता. त्याने मोबाईलवर कार्प नावाच्या माशाचे व्हिडिओ पाहिले. दहा-बारा किलोचे, पोत्यासारखे जाड मासे दोन्ही हातांत धरून लोक फोटो काढत होते. दोन महिन्यांत त्याच्याकडे तीन जाड काठ्या आल्या, मासा लागला की किंचाळणारे गजर आले, आरामखुर्ची आली, सुपारीएवढ्या आमिषाच्या गोळ्या आल्या. त्याच्यासारखेच आठ-दहा मित्र जमले. आता हवे होते तळे.

मिसेस लिम थकल्या होत्या. त्यांचा पुतण्या कारभार पाहू लागला होता. तो भला माणूस, पण घाईचा. विक्रांत आणि त्याच्या मित्रांच्या सांगण्यावरून त्याने कार्प आणायचे ठरवले तेव्हा मिसेस लिम म्हणाल्या, "आधी माझ्या रविवारच्या माणसांना विचार."

तो दिवस मला लख्ख आठवतो. छपराखाली सगळे जमले होते. पुतण्या म्हणाला, "फक्त एक कोपरा. कमळांच्या पलीकडचा. बाकी तळं तुमचंच." सगळ्यांनी मनोहरांकडे पाहिले, कारण शिकलेला माणूस तो, आणि बोलणेही त्याचे ऐकले जाई. मनोहरांनी विक्रांतकडे पाहिले. विक्रांतचा चेहरा वाढदिवसाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा झाला होता. गार्गी परवाच फोनवर म्हणाली होती, "बाबा, रविवारी तुम्ही दोघं एकत्र असता ना, मला इतकं बरं वाटतं."

"देऊ या की," मनोहर म्हणाले. "तळं मोठं आहे. एका कोपऱ्याने काय होतं?"

को अंकल माझ्याकडे पाहत होते. ते काही बोलले नाहीत.

कार्प आले. मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. ते जिवंत जीव, त्यांना जिथे सोडले तिथे ते जगू लागले. पण कार्प तळ उकरून खातो, आणि त्याला कोपरा कळत नाही. पहिल्या वर्षी पाणी गढूळ झाले. दुसऱ्या वर्षी लव्हाळी मुळासकट तरंगू लागली, मग कमळे गेली. लहान माशांना अंडी घालायला आडोसा उरला नाही. पाटीवर अकरा कधीच येईना. सात आले, मग चार. तिकडे कार्पवाल्यांची गर्दी वाढत होती. एका कोपऱ्याचा अर्धा काठ झाला. जागा आधी राखून ठेवावी लागू लागली. आमचे म्हातारे सकाळी येत, तेव्हा त्यांच्या नेहमीच्या फळीवर कुणाची तरी आरामखुर्ची मांडलेली असे. "सॉरी अंकल, बुक्ड आहे," असे पोरे अदबीने सांगत. अदबीने सांगितलेल्या गोष्टीवर भांडताही येत नाही. सातांचे पाच झाले, पाचांचे तीन. शेवटी को अंकल आणि मनोहर एवढेच उरले.

मग एक रविवार असा उजाडला, की तळ्यात माणसे छातीएवढ्या पाण्यात उभी होती आणि जाळे ओढत होती. काठावर निळी पिंपे मांडली होती. लहान मासे कार्पचे खाणे खातात, म्हणून पुतण्याने ते काढून टाकायचे ठरवले होते. जाळे वर आले. चिलाप्या, शिंगट्या, ज्यांची नावे फक्त को अंकलना ठाऊक होती असे इटुकले मासे, सगळे एका ढिगात चमकत होते. पिंपे भरली आणि पिंपांत तडफड सुरू झाली. थोड्या वेळाने ती थांबली.

मनोहर विक्रांतकडे गेले. "हे तुला माहीत होतं?"

"बाबा, ते तसेही कमीच राहिले होते," विक्रांत खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही माझ्या काठ्या वापरा ना. मी शिकवतो तुम्हाला. खरंच मजा येते."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. मनोहरांनी मागे वळून पाहिले तर को अंकल नव्हते. आपली काठी न उघडताच ते बस स्टॉपकडे निघून गेले होते. त्यानंतर ते तळ्यावर आले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीने त्यांना क्वीन्सटाउनला आपल्या घरी नेले. जाताना त्यांनी मनोहरांच्या दाराची घंटा वाजवली, पण मनोहरांनी दार उघडले नाही. मी दाराआडच उभी होते. चष्मा हातात धरून ते आतल्या बाजूला थांबले होते. कोणत्या तोंडाने उघडणार?

पुढच्या रविवारी मनोहर मला घेऊन एकटेच तळ्यावर गेले. का गेले, कुणास ठाऊक. एक मोकळी फळी पाहून बसले आणि कणकेची गोळी लावून गळ टाकला. गढूळ पाण्यावर फ्लोट बराच वेळ निश्चल होता. मग तो बुडाला आणि वर आलाच नाही. मनोहरांनी मला उचलले आणि मी कमानीसारखी वाकले. इतकी मी जन्मात वाकले नव्हते. त्या टोकाला कार्प होता.

"अंकल, सोडा! चुकीची काठी आहे, लाह!" कोणीतरी ओरडले. दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले. मनोहर उठले, दोन पावले पाण्याकडे ओढले गेले, आणि मधल्या पेरावर कडकन आवाज झाला. तो माझा आवाज होता.

विक्रांत धावला. बुटांसकट पाण्यात उतरून त्याने दोरा धरला आणि माशाला जाळीत घेतले, कारण तोंडात गळ आणि मागे दोरा घेऊन पळालेला मासा कुठेतरी अडकून मरतो. त्याने गळ हलकेच काढला. मनोहर जवळ गेले. त्या प्रचंड माशाचे ओठ ठिकठिकाणी फाटलेले होते, एका बाजूला ओठ उरलाच नव्हता. वर्षभरात तो कितीदा धरला गेला, तोलला गेला आणि फोटोसाठी उचलला गेला होता, कोण जाणे.

"याला तरी इथे बरं आहे का रे?" मनोहरांनी विचारले. विक्रांतने माशाला दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडले. पुढच्या आठवड्यात तळ्यावर पाटी लागली: रीळ नसलेल्या काठीला मनाई. नियम चुकीचा नव्हता. माशांसाठी तो बरोबरच होता. पण त्या पाटीने माझ्यासारख्यांचे तिथले दार कायमचे बंद केले.

चार महिने मी तशीच मोडलेली पडून होते. मग एका दुपारी मनोहरांनी मला कापडी पिशवीत घातले आणि एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, क्वीन्सटाउनला नेले. को अंकल गॅलरीत बसले होते. मनोहर उभ्यानेच बोलले, जणू पाठ करून आले होते.

"त्या दिवशी हो मी म्हणालो होतो. माझ्यामुळे झालं सगळं."

"मी पण तिथेच उभा होतो ना," को अंकल म्हणाले. "मला कार्प माहीत होता. लहानपणी आमच्या गावचं तळं त्यानेच असं झालं होतं. मला बोलता आलं असतं. पण तुझा जावई तुझ्याजवळ बसला होता, आणि तू इतक्या वर्षांनी खूश दिसत होतास. म्हणून मी गप्प बसलो."

मनोहर त्यांच्या शेजारी बसले. माफी मागायला आलेल्या माणसाला माफी मिळाली नाही, आणि रागही मिळाला नाही. दोघांनी आपापल्या माणसांच्या मायेपोटीच ते तळे घालवले होते. थोड्या वेळाने त्यांनी मला पुढे केले. को अंकलनी माझ्या तुटलेल्या पेरावरून अंगठा फिरवला.

"जोडता येईल," ते म्हणाले. "पण कुठल्या पाण्यासाठी जोडू, मनो?"

मनोहरांनी सगळीकडे चौकशी केली होती. जलाशयांवर ठरलेल्या जागी गळ टाकता येतो, पण तिथे नकली आमिषच लावावे लागते, आणि माझा मुगाएवढा गळ त्या कामाचा नाही. पैसे भरून बसायची जी तळी होती, तिथे सगळीकडे मोठे मासे. चहा झाला. मनोहर निघाले, तेव्हा त्यांनी मला परत मागितले नाही.

मित्रांनो, त्याला आता दीड वर्ष झाले. को अंकलच्या मुलीने माझा खालचा तुकडा मिरचीच्या कुंडीत रोवला आहे. टोकाचा तुकडा बुटांच्या कपाटावर पडून आहे. त्याच्यावरची लाख सोलवटते आहे. मनोहर पुन्हा आले नाहीत. गार्गीने एकदा फोन करून को अंकलना सांगितले, की बाबा रविवारी सकाळी अजूनही कपडे करून बसतात आणि दहा वाजले की ते बदलतात. विक्रांतने कार्प धरणे सोडले म्हणे. पण त्याने सोडल्याने लव्हाळी परत उगवत नाहीत.

मला पुसा, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी वेळ गेली. मागणे आहे ते एवढेच: एखाद्या मोठ्या, देखण्या गोष्टीसाठी कोणी तुमच्याकडे "फक्त एक कोपरा" मागितला, तर हो म्हणण्याआधी तिथल्या लहानांचे काय होईल ते विचारा. तुमच्या शेजारी ते जाणणारा एखादा म्हातारा गप्प उभा असेल. त्याला बोलते करा. नंतर बोललेले कुणाच्याच उपयोगी पडत नाही.