तेवीस बुड्या

मित्रांनो, माझ्या बुडाला एक भोक आहे, आणि त्या भोकावर एक अख्खे गाव जगले आहे. मी तांब्याची जुनी वाटी. इराणातल्या यज्द शहरच्या तांबटाने मला एका दिवसात ठोकून घडवले, भोक पाडायला मात्र दोन दिवस घेतले. भरल्या पातेल्यात सोडले की मी तरंगते, भोकातून हळूहळू भरते आणि बुडते. एक बुडी म्हणजे पाण्याचा एक वाटा. डोंगरातून भुयाराने येणारे आमच्या गावचे पाणी असे वाट्यांनीच शेतोशेत फिरते. बारा दिवसांची एक फेरी.

मी बुडले की मला उचलायचे, एक खडा बाजूला टाकायचा आणि पुन्हा सोडायचे, हे पाटकऱ्याचे काम. आमचे पाटकरी होते खोदादाद. स्वतःच्या शेताची पाळी ते सगळ्यांच्या शेवटी ठेवत. भुयारातला गाळ काढायला मात्र सगळ्यांच्या आधी उतरत. त्यांची मुलगी माहरुख दहा वर्षांची होती.

"बाबा, मी कधी बसणार पाण्यावर?" ती रोज विचारायची.

"आधी गप्प बसायला शीक. मग पाण्यावर."

नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या आधी आमच्याकडे घरे धुऊन लख्ख करतात. त्या वर्षी माहरुखने गालिचे झटकले, चहाचे पाणी उकळायचा समोवार घासला. दुपारी पाणी हमामच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघराच्या टाकीत सोडलेले असे, तेवढाच मला विसावा. तेव्हा तिने मलाही राखेने घासले आणि भोकात सुई फिरवली. मी आरशासारखी चमकले. फार बरे वाटले, हे कबूल करते.

पण आमच्या पाण्यात चुना फार. तो भोकाला बसतो आणि मी सावकाश बुडू लागते. म्हणून भोक साफ करायचे ते नव्या फेरीच्या पहिल्या सकाळीच, म्हणजे ज्याला त्याला दर फेरीत सारखेच मिळते. ही तर फेरीची सातवी दुपार होती. मी भराभर बुडू लागले.

दोन दिवसांनी बीबी गुलाबतून काठी आपटत आल्या. "खोदादाद, माझे वाटे पुरे झाले म्हणतोस, आणि कांद्याचा शेवटचा वाफा कोरडा! माझं शेत झोपेत वाढलं का रे?"

खोदादादांनी वाद न घालता मला पातेल्यात सोडून मोजले. भिंतीवर सावलीच्या दोन खुणा होत्या. फेरीच्या नवव्या दिवशी, चुना बसल्यावर, सावली एकीवरून दुसरीवर जाईपर्यंत मी वीस वेळा बुडायला हवे होते. मी तेवीस वेळा बुडले. त्यांनी मला उन्हात धरून भोक पाहिले, मग मुलीकडे पाहिले. तिची मान खाली गेली.

संध्याकाळी गाव जमले. "वाटी माझ्या ताब्यात, चूक माझी," ते म्हणाले. "ज्यांना कमी मिळालं त्यांनी माझ्या पाळीतून घ्या." त्यांचा गहू त्या वर्षी वीतभर वाढून वाळला. इस्फंदियार नावाच्या शेतकऱ्याने त्यांचे नाव 'तेवीस बुड्या' ठेवले. ते नाव पंचवीस वर्षे टिकले. खोदादादांनी खरे काय ते कुणाला सांगितले नाही.

दुसऱ्याच सकाळी त्यांनी माहरुखला माझ्याशेजारी बसवले. ती खडे मोजायला शिकली, मग सावली वाचायला, मग भांडणाऱ्या दोघांचे शेवटपर्यंत ऐकून घ्यायला. हे शेवटचे शिकायला तिला सर्वांत जास्त वर्षे लागली. वडिलांचे गुडघे गेल्यावर गाळाची टोपली घेऊन तीच पहिली उतरू लागली.

यंदा हिवाळ्यात खोदादाद गेले. त्यांच्या मृत्यूच्या चाळिसाव्या दिवशी गाव अंगणात जमले. मी तिच्या मांडीवर होते. शोकामुळे घरातला समोवार तिने अजून घासला नव्हता.

"पाण्यावर माहरुखच बसेल," बीबी म्हणाल्या. त्या आता नव्वदीच्या होत्या.

"बाईमाणूस पाण्यावर? मग आम्ही काय चूल सांभाळायची?" इस्फंदियार म्हणाला.

"सांभाळ की. तुझ्या बायकोला तेवढीच विश्रांती!"

सगळे हसले. माहरुख हसली नाही. गप्प राहिली असती तर ती जागा तिचीच होती. ती उठून उभी राहिली.

"त्या वर्षी वाटी मी घासली होती. बाबांनी नाही. आधी हे ऐका, मग कुणाला बसवायचं ते ठरवा."

इस्फंदियारने हातातला चहा खाली ठेवला. "पंचवीस वर्षं मी त्याला नावं ठेवली. तू आजही बोलली नसतीस तर कुणाला कळलं असतं?"

"ह्या वाटीला ठाऊक होतं, काका. रोज तिच्यापुढे बसायचंय मला."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग खड्यांच्या भांड्यात हात घालून त्याने एक खडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "उद्या पहिली पाळी माझी आहे, पाटकरीणबाई. उशीर नको."

मित्रांनो, दुसऱ्या सकाळी नवी फेरी सुरू झाली. माहरुखने आधी माझे भोक साफ केले, मग सावलीच्या दोन खुणांमध्ये मला बुडवून पाहिले. तेवीस. नव्या फेरीच्या पहिल्या सकाळी एवढ्याच बुड्या हव्यात. स्वतःची पाळी तिने शेवटी ठेवली. तुमच्या हाती माझ्यासारखे काही आले, तर ते जरूर चमकवा. फक्त त्यानंतर सावलीपाशी एकदा मोजून पाहा, आणि वाटे चुकले असतील तर आपल्या पाळीतून भरून द्या.