अनवाणी मामलेदारीण

फकिरानं घोडीचा पुढचा पाय दोन गुडघ्यांत दाबून धरला, सांडशीनं शेवटचा खिळा ओढला आणि सुटलेली नाल उन्हाकडं धरून डोळा बारीक केला.

"ही कुणी मारली?"

"कुणी म्हंजे? तूच की," आवडाबाई म्हणाल्या.

"म्या नाय मारली." फकिरानं खिळा तळहातावर घेऊन पुढं केला. "हा बैलाच्या पत्रीचा, बैलाच्या नालेचा खिळा हाय, काकू. घोडीला बैलाचा खिळा मी झोपेत बी मारणार नाय. आन आबा माझ्याकडं यायचे बंद होऊन लई वर्षं झाली."

आवडाबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला. त्यांचे मालक साहेबराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, दर महिन्या-दीड महिन्यानं घोडीवर बसून निघायचे. "बिडकीनला फकिराकडं नाल बघून येतो," म्हणायचे आणि दिवस मावळताना परत यायचे. गेल्या माघात ते वारले, तोवर हा नेम चुकला नव्हता.

"कुठंतरी मारून घेतली असंल," त्यांचा मुलगा सुदर्शन घाईनं म्हणाला. "सोडा ना विषय."

"कुठंतरी म्हंजे कुठं रं? बाई ठेवली असंल तर नालबंदीणच ठेवली म्हणायची. सोयीची बघितली."

फकिरा मान खाली घालून हसला. सुदर्शन हसला नाही.

घोडीचं नाव मामलेदारीण. तिचा वाटा आधी तोंडापुढं ठेवल्याशिवाय ती जागची हलत नसे, म्हणून साहेबरावांनीच ते ठेवलं होतं. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा मोजणीवाल्यांची अर्धी टेप तिनं खाल्ली आणि म्हणून त्या शिवारातला नवा रस्ता आजही एका जागी वाकडा आहे, असं गावात सांगतात. खरंखोटं त्या टेपला ठाऊक.

"हे बघा," फकिरा म्हणाला. त्यानं खुराच्या कडेवर नुसता अंगठा फिरवला, तर नखाचा भुगा खाली पडला. "भोकांनी पार पोखरलंय. खिळा धरायला जागाच नाय."

"कसं बी कर, पण नाल मार, फकिराभाऊ," सुदर्शन म्हणाला. "रविवारी गारखेड्याचा वरातवाला येतोय बघायला, विकत घ्यायची म्हणतोय. डांबरावर नाचायची म्हंजे नाल पाहिजेच."

"मारतो की. पण पहिल्याच वरातीत नाल नखासकट निघंल आन नवरदेव बँडवाल्याच्या ढोलात बसंल."

"मग?"

"अनवाणी ठेवा. महिन्या-दीड महिन्याला कानस मारून नख सारखं करत जावा. वर्षाभरात वरून नवं नख उतरतंय."

वर्षभर घोडी नुसती खायला घालायची, हे सुदर्शनच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. तेवढ्यात त्याची मुलगी सोनिया घरातून खोकं घेऊन आली. ती शहरात कॉलेजला होती आणि तिथं घोडेस्वारी शिकत होती. खोक्यात पुढच्या पायांसाठी काळ्या रबराचे दोन बूट होते, पट्ट्यांचे.

"घोड्यांचेच असतात, आजी. मी माप घेऊन मागवलेत. बाहेर जाताना घालायचे, घरी आल्यावर काढायचे. खिळा नाही, काही नाही."

बूट चढवले तेव्हा मामलेदारिणीनं आधी एक पाय उचलला, मग दुसरा. चिखलातून कोंबडी चालावी तशी ती अंगणभर फिरली. फकिरा पोट धरून हसला.

"आता हिला एक पर्स घ्या."

आवडाबाई मात्र घोडीकडं बघत नव्हत्या. फकिराकडून घेतलेला बैलाचा खिळा त्या तळहातावर बोटानं उलटापालटा करत होत्या.

"सोने," त्या म्हणाल्या, "रविवारच्या आत मला हिच्यावर बसव."

"तुला? तू कधी बसलीस का?"

"तुझा आजा बसायचा आन मी टोपलं घेऊन मागं चालायचे. बाजार, लग्न, मयत, समदं तसंच. घोडीचं शेपूट मला जेवढं पाठ हाय, तेवढं तोंड पाठ नाय."

"जायचं कुठं पण?"

"ती नेईल तिथं."

शनिवारी सकाळी, सुदर्शन शिफ्टला गेल्यावर, दोघी निघाल्या. बाजेवर पाय देऊन, बाजेवरून पाण्याच्या टाकीवर आणि टाकीवरून घोडीवर, अशा आवडाबाई चढल्या. नऊवारीचा काष्टा होता म्हणून बरं. सोनियानं दोर धरला होता, पण ओढायचा नाही, असा हुकूम होता. मामलेदारिणीचा गुळाचा वाटा चुकता करून झाला, मग ती हलली.

नव्या सिमेंटच्या रस्त्यावर बुटांचा नालेसारखा आवाज येत नव्हता. नुसतं थप थप, कुणी ओलं धुणं ठेवत चालल्यासारखं. वरून आवडाबाईंना कुंपणांच्या पलीकडचं दिसत होतं. जिथं त्यांनी कापूस वेचला होता, तिथं आता निळ्या पत्र्याची शेड होती.

बिडकीनचा फाटा आला. घोडीनं तिकडं मान वळवूनही बघितलं नाही. पुढची ओढ्याची पुलकी ओलांडून ती आपण होऊन डावीकडं कच्च्या वाटेला लागली.

आवडाबाईंनी खोगिराची कड घट्ट धरली.

"आजी, भीती वाटते का? थांबवू?"

"नगं."

"ही वाट कुठं जाते?"

वाट बोरखेडीला, आवडाबाईंच्या माहेरी जात होती. वाटेच्या दोन्ही अंगांना बोरी होत्या. ह्या बोरीच्या काट्यांनी त्यांचं परकर-पोलकं फाटलं होतं आणि ह्याच वाटेनं त्या बैलगाडीतून नांदायला गेल्या होत्या. मग बांधावरून त्यांच्या भावाचं आणि नवऱ्याचं वाजलं. भर चावडीत साहेबराव म्हणाले, आजपासून आमच्या घरचं पाऊल बोरखेडीच्या त्या अंगणाला लागणार नाही. तेव्हा सुदर्शन मांडीवर होता. त्यानंतर दर पंचमीला आवडाबाई छतावर वाळवण घालायच्या निमित्तानं चढायच्या आणि ह्या अंगाला तोंड करून बसायच्या. साहेबरावांच्या मयतीला भाऊ आला, तोही लांब बाभळीखाली उभा राहिला आणि तिथूनच गेला.

घोडी एका पत्र्याच्या घरासमोर थांबली. अंगणात शिरली, लिंबाखालच्या बादलीत तोंड घातलं आणि घरच्यासारखं फुरफुरली.

आतून एक वाळकासा म्हातारा धोतर सावरत आला. "आलीस का गं मामलेदारीण," म्हणत त्यानं घोडीच्या मानेवर हात ठेवला, मग वर बघितलं. हात तिथंच राहिला.

"दादा," आवडाबाई म्हणाल्या.

हे त्यांचे भाऊ, काकासाहेब. ते सोनियाकडं वळले. "ही सुदर्शनची का? घोडं शिकतीय ती?"

सोनियानं मान हलवली.

"तुला कसं ठाऊक?" आवडाबाईंनी विचारलं.

"समदं ठाऊक हाय. तुझी दाढ काढली, तू पाय घसरून पडलीस, एका साली लोणचं खारट झालं. सांगायचा ना साहेबराव. यायचा आन सांगत बसायचा."

"ह्या अंगणात?"

"अंगणात व्हय, पर घोडीवर. खाली कधी उतरला नाय. पाऊल लावायचं नाय म्हणून बोलून बसला होता ना भर चावडीत. वर बसूनच चहा प्यायचा. मी म्हनलं, नाल ढिली झालीय, तर म्हनला, मार. मी आयुष्यभर बैलांना पत्र्या मारलेला माणूस. वर हा बसलेला, खाली मी ठोकतोय."

सोनियाला हसू आवरेना. आवडाबाईही हसल्या, पण हसता हसता त्यांनी खोगिराची कड पुन्हा धरली.

"आन मला काऊन नाय आणलं?"

काकासाहेब घोडीची आयाळ बोटांनी विंचरू लागले.

"लाजायचा. म्हनायचा, आवडीला इतकी वर्षं अडवली, आता कोणत्या तोंडानं सांगू? दर खेपेला म्हनायचा, पुढच्या टायमाला घेऊन येतो. मला बी शपथ घातली होती."

"माझं माहेर त्यानं एकट्यानं खाल्लं," आवडाबाई म्हणाल्या. घोडी बादलीतलं पाणी पीत होती.

सोनियाच्या हातातला फोन थरथरला. "बाबा आहेत." तिनं ऐकलं, मग फोनवर हात ठेवला. "वरातवाला आजच आलाय म्हणे, बाबा शिफ्ट सोडून घरी आलेत. घोडी कुठंय विचारतायत."

"सांग, घोडी माहेरी गेलीय. आन विकायची नाय, हे बी सांग. घोडी माझी हाय." मग त्या भावाकडं वळल्या. "मला उतरव."

काकासाहेबांनी खांदा पुढं केला. आवडाबाई एक पाय, मग दुसरा, अशा अंगणात उतरल्या. चपला वाटेतच पायांतून घसरून पडल्या होत्या. शेणानं सारवलेलं अंगण गार होतं. त्या जरा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

काकासाहेब खाली बसले. बुटाचे पट्टे त्यांनी उलटसुलट करून सोडवले, खूर हातात घेतला आणि भोकांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. भुगा पडला. त्यांचा अंगठा थांबला.

"माझ्या खिळ्यांनी झालं का हे?"

"वय झालंय तिचं," आवडाबाई म्हणाल्या.

"खरं सांग."

"खरंच सांगते. आता नाल नाय मारायची. अनवाणी ठेवायची. येताजाता हे बूट." त्या भावाकडं वाकल्या. "पर नखाला सारखी कानस मारावी लागती. महिन्या-दीड महिन्याला. आमच्यात कुणाला येतीय?"

काकासाहेब खुराची कड चाचपत राहिले.

"तुझ्याकडं कानस हाय का, दादा?"

"हाय की. चांगली हाय."

"मग आण. मारून दे, आलोच हावोत तर."

ते गुडघ्यावर हात देऊन उठले, दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी थांबले आणि तिथूनच मागं फिरून लिंबाखाली येऊन बसले.

"आज नगं," काकासाहेब म्हणाले. "आजच उरकलं तर पुन्हा कशाला येशील?"