खणातला दिवा

कवळ्या बनवणारा तो माणूस अठ्ठावन्न वर्षांचा होता. बायको जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून त्याचं बोलणं जेवढ्यास तेवढं उरलं होतं. कामही तसंच. डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवायचे, हा मेणात एकेक दात रोवायचा, घासूनपुसून कवळी डबीत घालून परत पाठवायचा. शेकडो माणसं त्याच्या हातच्या दातांनी हसत होती, पण त्यातलं एकही तोंड त्याने पाहिलं नव्हतं.

सायकलचा दिवा मुलाने पाठवला होता. थंडीचे दिवस, साडेसहाची पाळी, त्यात गोदामांमागच्या रस्त्यावर केबलसाठी चर खणलेला आणि रस्त्याचे दिवे बंद. "बाबा, रोज लावायचा चार्जिंगला, फोन लावता तसाच," मुलगा म्हणाला. फोन चार-चार दिवस चालायचा, कारण वाजतच नव्हता. दिव्याला मात्र रोज भूक लागायची. संध्याकाळी घरी आलं की चहाच्या आधी तो दिव्याची वायर जोडायचा. लाल ठिपका हिरवा झाला की उगाच बरं वाटायचं.

आठवड्याभरातच एका सकाळी त्याच्या मागून आवाज आला, "भाऊ, दचकू नका. मी मागे आहे."

तो दचकलाच. सायकल लटपटली.

"माझा दिवा कुणीतरी काढून नेला," बाईचा आवाज म्हणाला. "या चराच्या कडेने अंधारात भीती वाटते. तुमच्या उजेडात आले तर चालेल?"

"या की. उजेड काय, सांडतोच आहे."

दुसऱ्या दिवशी ती चराच्या अलीकडच्या पुलाच्या तोंडाशी उभी होती. तिसऱ्या दिवशीही. वाट इतकी अरुंद की शेजारी येणं शक्य नव्हतं. तो पुढे, ती मागे. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती, एवढं कळलं. अंगावर जाड कोट, तोंडाला मफलर, आणि फाट्यावर ती "येते हं" म्हणून वळायची तेव्हाही अंधारच असायचा. चेहरा असा त्याने पाहिलाच नाही.

पण बोलणं वाढलं. समोर माणूस नसलं की जीभ सैल सुटते, तसं त्याचं झालं. "आज किती दातांची?" ती मागून विचारायची, आणि तो हसून सांगायचा. चादरींच्या खिशात काय काय सापडतं, हे ती सांगायची. "चादरीला खिसा असतो होय?" "अहो, गाऊनच्या! तुम्ही ना, शब्दात पकडता." एकदा त्याने सांगून टाकलं, की बायको शेवटी जेवायची नाही म्हणून तो तिच्यावर ओरडला होता. आणि ते नंतर कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. मागून बराच वेळ फक्त साखळीचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "भूक नसलेल्या माणसापुढे आपण असेच वेडे होतो, भाऊ." त्या दिवशी कामावर त्याचा हात फार हलका चालला.

एका शनिवारी दुकानात त्याला अगदी आपल्यासारखाच दिवा दिसला. तिच्यासाठी त्याने तो हौसेने घेतला. घरी आणून पूर्ण चार्ज केला, चालू करून भिंतीवर उजेड पाडून पाहिला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं: हा दिला की तिला माझ्या मागे कशाला यायला हवं?

त्याने तो खणात ठेवला. सोमवारी देऊ. मग पुढच्या सोमवारी. रस्त्याचे दिवे येतीलच आता, असं तो स्वतःला सांगायचा. असे तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यात त्याला तापाने गाठलं. दोन दिवस अंथरुणातून उठवेना. पहाटे डोळा उघडायचा तो पुलाच्या आठवणीनेच. तिचा नंबर त्याच्याकडे नव्हता. नावसुद्धा माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाच तो निघाला. पुलापाशी कुणी नव्हतं. दहा मिनिटं थांबला, मग तसाच कामावर गेला. दुपारी सुट्टी घेतली, घरी जाऊन खणातला दिवा खिशात घातला आणि धुलाईखाना गाठला.

दारातल्या माणसाला काय विचारावं कळेना. "सायकलवर येतात त्या बाई…"

"मावशी? त्या परवा चरात पडल्या. मनगट मोडलंय. आत आहेत, हिशेब मिटवायला आल्यात."

ती बाकावर बसली होती, हात गळ्यात. पांढरे केस, बारीक चण. आवाजावरून त्याने चाळिशीची बाई धरली होती. ही त्याच्याहून दोनेक वर्षांनी मोठीच असावी.

"बाई," तो म्हणाला.

आवाजावरून तिने ओळखलं. नीट न्याहाळलं आणि हसली. "अगं बाई, तुम्ही होय! मला वाटलं सत्तरीचे असाल. किती हळू चालवता हो."

त्याला हसता आलं नाही. त्याने दिवा तिच्या मांडीवर ठेवला. "तीन आठवडे खणात होता. तुमच्यासाठीच घेतला होता. दिला असता तर तुम्ही पडला नसता."

"मग दिला का नाही?"

"तुम्ही यायचं बंद केलं असतं."

ती दिव्याकडे पाहत राहिली. रागावेल असं त्याला वाटलं. रागवावं असंही वाटत होतं.

"भाऊ," ती सावकाश म्हणाली, "एक दिवा मलाही घेता आला असता की हो."

आतल्या यंत्रांची घरघर चालू होती.

मग तिने सांगितलं: दोन महिन्यांनी निवृत्तच व्हायचं होतं, आता हा हात. रविवारी लेक येऊन घेऊन जाणार, तिच्या गावी, कायमचीच. सायकल शेजारणीला देऊन टाकली होती. दिवा मात्र तिने पिशवीत घातला. "लेकीच्या जिन्यात अंधार असतो म्हणे." त्याने नाव विचारलं, तिने सांगितलं, आणि एका चिठ्ठीवर डाव्या हाताने वेडावाकडा नंबर लिहून दिला.

पंधरा दिवस धीर गोळा करून एका रविवारी संध्याकाळी त्याने फोन लावला. आधी लेक बोलली, मग ती आली.

"कशा आहात?"

"बरी आहे. प्लास्टर निघालं नाही अजून. तुम्ही?"

"मी बरा."

"आज किती दातांची?"

"आज रविवार."

"हो की."

रस्त्यावर असे कितीतरी वेळ ते गप्प राहिले होते आणि कधी जड वाटलं नव्हतं. पुढे सायकल असायची, चर असायचा, मागे ती आहे हे कळायचं. फोनमध्ये नुसतीच शांतता होती. तिच्याकडे कुणीतरी भांडी लावत होतं. सांगायला त्याच्याकडे बरंच होतं, पण खुर्चीत बसून ते सुरू कुठून करतात हे त्याला कळेना.

"बरं, ठेवते मग," ती म्हणाली. "जपून चालवा."

"हो," तो म्हणाला, आणि तिने ठेवेपर्यंत कानाशी फोन धरून राहिला.