चार बोटं उंची

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. तिसरीच्या वर्गात फळ्याखाली उभा असतो. नीट पाहिलंत तर माझे चारही पाय वर काळपट आणि खाली पांढुरके दिसतील. नवीन मुलं म्हणतात, "स्टुलाने मोजे घातलेत." सगळी हसतात. मला मात्र ते मोजे कुठे लपवू असं होतं. आज त्यांचीच गोष्ट सांगतो. सांगायला जीभ रेटत नाही, पण पोटात ठेवूनही आता चैन पडत नाही.

एका सुताराने दाराची चौकट करून उरलेल्या लाकडातून मला घडवलं. कारण होती त्याची मुलगी. ती वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून मुलं तिला वाटाणा म्हणत, आणि पुढे घरीही तेच नाव पडलं. वाटाण्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. बाईंनी तिला रोज फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहायचं काम दिलं. पहिल्या दिवशी तिचा हात फळ्याच्या मध्यापर्यंतच पोचला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, तारीख खाली पडली." ती घरी येऊन जेवली नाही.

त्या रविवारी सुताराने तिला भिंतीला टेकवून उभं केलं. "हात वर कर," तो म्हणाला. "टाचा उचलू नकोस. मापात लबाडी नाही चालायची."

कानामागची पेन्सिल काढून त्याने भिंतीवर खूण केली आणि त्या मापाने माझे पाय कापले. मला पालथं घालून पोटावर लिहिलं : शाळेसाठी. माझ्या अंगावर लिहिलेला हा एकच शब्द. तो वाचता येणाऱ्याला माझं सगळं आयुष्य कळलं असतं.

शाळेतले ते दिवस सुखाचे गेले. रोज सकाळी दोन छोटे पाय माझ्यावर चढत, वरून खडूची भुकटी माझ्यावर पडे आणि फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख उमटे. बाई म्हणत, "स्टूल असावं तर असं, जरा हलत नाही." मी फुशारून जाई. डोकं असून नसल्यासारखं असलं की कौतुक लवकर चढतं.

मग महागाई आली. मी वर्गातून बाहेर जात नसे, पण मधल्या सुट्टीत वाटाणा माझ्यावरच बसून डबा खायची, त्यामुळे मला कळत गेलं. आधी डब्यातली भाजी गेली आणि नुसता पाव उरला. पुढे दोन पावांचा एक झाला. एक दिवस तिने डबा उघडलाच नाही. शेजारणीने विचारलं तर म्हणाली, "मी घरून पोटभर खाऊन आलेय." तिचं पोट त्या वेळी गुरगुरत होतं. माझ्या अंगाला ते कळत होतं.

पीठ, तेल, डाळ सगळंच आवाक्याबाहेर गेलं, तशी लोकांनी सुताराकडची कामं पुढे ढकलली. एकाने आधी सांगून ठेवलेलं कपाट नको म्हणून कळवलं. त्याचंही काय चुकलं? आधी पोट, मग कपाट. वाटाण्याची आई एका बेकरीत बिस्किटांचे पुडे बांधायची. तिथेही मैदा महागला म्हणून मालकाने दोन बायकांपैकी एकीला घरी बसवलं आणि आईला म्हणाला, "एकटीच्याने आवरत नसेल तर मुलीला आणा. निम्मी मजुरी देईन, शिवाय फुटकी बिस्किटं."

"ती लहान आहे हो," आई म्हणाली.

"मी कुठे वय विचारतोय? टेबलावर हात पोचला म्हणजे झालं."

आई तिला घेऊन गेली. पण ते टेबल होतं चांगलंच उंच. वाटाण्याची हनुवटी कशीबशी कडेला टेकत होती. मालकाने मान हलवून तिला परत पाठवलं. मित्रांनो, हे इथेच संपलं असतं. तिला शाळेत राखून ठेवणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे तिचं बुटकेपण. आणि घरात मी आठवलो.

दुसऱ्या दिवशी सुतार वर्गाच्या दारात आला. "बाई, स्टूल जरा दुरुस्तीला नेतो. पाय हलतोय."

"अहो, चांगलं दणकट तर आहे."

"आतून हलतोय," सुतार म्हणाला. बाईंकडे न बघताच म्हणाला.

माझा पाय हलत नव्हता. मला काखेत मारून तो मागच्या गल्लीने घरी आला. वाटेत कोणी ओळखीचं भेटलं की मला दुसऱ्या बाजूला घ्यायचा. घरी त्याने माझ्या पायांखाली चार पांढरे ठोकळे बसवले, बरोबर चार बोटं उंचीचे. वाटाणा बघत उभी होती. ती म्हणाली, "बाबा, फळा एवढा उंच नाहीये."

त्याने कानामागची पेन्सिल काढली, हातात धरली आणि काही न लिहिता परत कानामागे ठेवली.

शाळेत निरोप गेला की मुलगी आजारी आहे. मी बेकरीत गेलो. आठ बिस्किटं मोजायची, एकावर एक रचायची, पिशवीत सरकवायची आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवायचं. चार दिवसांत वाटाण्याच्या बोटांची टोकं काळी पडली. सकाळी मालक यायच्या आधी ती टेबलावरच्या पिठात बोटाने तारीख लिहायची. आई ती फडक्याने पुसून टाकायची. रागाने नाही, पण पुसायची.

त्याच टेबलाच्या एका टोकाला गिऱ्हाईकं उभी राहत. त्यांना वाटाणा दिसे ती माझ्यावर उभी राहिलेली. कोणी म्हणे, "चांगली हाताशी आली हो पोर." कोणी म्हणे, "हात काय झरझर चालतोय!" कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण ती उंच दिसत होती. तिच्या वयाबद्दल मी रोज चार पायांवर उभा राहून खोटं बोलत होतो. मी एकदा तरी डुगडुगायला हवं होतं. एकदा ती पडली असती, रडली असती, कोणीतरी टेबलामागे धावलं असतं. पण मला न हलण्याची सवय होती आणि त्या सवयीचा अभिमान होता. त्याची लाज मला अजून वाटते.

एका संध्याकाळी पाव घ्यायला बाई आल्या. वाटाण्याने डोक्याला बांधलेलं फडकं कपाळावर ओढलं आणि पाठ फिरवली.

"मुलीची तब्येत कशी आहे?" बाईंनी आईला विचारलं.

"बरी आहे. येईल आता."

"तारीख अजून कोणाला लिहायला दिली नाही मी. मीच लिहिते." मग बाईंची नजर त्या पाठमोऱ्या मुलीवर गेली. "आणि ही कोण?"

आईने मान वर न करता सांगितलं, "ही होय, पुतणी आहे माझी."

वाटाणा पुटपुटत होती, सहा, सात, आठ. पुन्हा सहा, सात, आठ. ती माझ्यावर थरथरत होती आणि मी तेव्हाही ताठ उभा होतो.

आईने पावाची पिशवी पुढे केली, पण ती तिच्या हातातून सुटून खाली पडली. बाई वाकल्या. टेबलाखालून त्यांना दोन अनवाणी पाय दिसले, त्या पायांखाली मी दिसलो, आणि माझ्या काळपट पायांना लावलेले चार पांढरे ठोकळे दिसले. त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. उठल्या तेव्हा आईच्या हातातली बिस्किटांची पिशवी मेणबत्तीवर जळत होती.

"स्टूल दुरुस्त झालं वाटतं," बाई हळूच म्हणाल्या.

आईने पदर तोंडाला लावला.

"कसलं स्टूल?" आतून मालकाने विचारलं.

"शाळेचं आहे. पोटावर लिहिलंय तसं," बाई म्हणाल्या. मग त्या पाठमोऱ्या मुलीला म्हणाल्या, "वाटाणे, उद्या तूच घेऊन ये. मला जड होतं."

वाटाणा खाली उतरली. उतरताच टेबलामागे तिचं नुसतं डोकं दिसायचं उरलं. मालकाने ते पाहिलं, आईने पाहिलं. इतके दिवस सगळ्यांना ठाऊक होतं, पण दिसलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला डोक्यावर घेऊन शाळेत आणलं. माझ्यावर चढून तारीख लिहिली. खडू काळ्या बोटांत नीट धरवत नव्हता, त्यामुळे अक्षर थोडं तिरकं आलं. आता ती गरजेपेक्षा चार बोटं उंच होती, तरी या वेळी मागून कोणी हसलं नाही.

सगळं छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण पीठ काही स्वस्त झालं नाही. बाई घरी जाऊन आईशी बोलल्या, तेव्हा एवढंच जमलं की वाटाणा मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत असते आणि नंतर बेकरीत जाते. तिथे तिच्या पायांखाली आता तेलाचा रिकामा डबा पालथा घातलेला असतो. सुतार एकदा करवत घेऊन आला होता. बाईंना म्हणाला, "ते ठोकळे काढून देतो. बघवत नाहीत." वाटाणाच म्हणाली, "राहू द्या बाबा. बेकरीतला डबा कुठे काढता येणारे?" तो करवत घेऊन परत गेला.

म्हणून माझे मोजे अजून तसेच आहेत. मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवा असं मी सांगणार नाही. एकच मागणं आहे. दुकानात टेबलामागे भराभर हात चालवणारं कोणी दिसलं, तर उंचीवरून वय ठरवू नका. जरा वाका आणि पायांखाली काय आहे ते बघा. आमच्या बाई मायाळू आहेत, रोज हजेरी घेतात, तरी त्यांना वाटाणा ओळखू आली नव्हती. त्या वाकल्या, त्यासुद्धा पडलेला पाव उचलायला.